आचाऱ्याचे शिक्षण आणि दाखल्याची किंमत

आपल्या मासिकात बियाणे, खते, पाणी व बाजारभाव यांविषयी विपुल लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु शेतात पिकलेले धान्य माणसाच्या मुखी पडेपर्यंतची शेवटची पायरी आचाऱ्याच्या हातची असते, आणि तिकडे आपण शेतकरी मंडळी डोळेझाक करतो. बी शुद्ध हवे म्हणून पिशवीवरील प्रमाणपत्र पाहून मगच आपण ते घेतो. पण पाचशे पानांचा स्वयंपाक ज्याच्या हाती सोपवावयाचा, त्याला त्या कामाचे शास्त्र कितपत ठाऊक आहे, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

हा प्रश्न शहरातील उपाहारगृहांचा आहे, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु आज हमरस्त्यावरील ढाबा, बाजारातील वडापावची गाडी, उसाची रसवंती व कृषि-पर्यटनाचे घरगुती जेवण हे धंदे शेतकऱ्यांचीच मुले चालवितात. शाळेतील मध्यान्ह भोजन गावातील भगिनीच शिजवितात. लग्नाच्या पंगती, जत्रा व हरिनाम सप्ताह तर आपल्या दारचेच. तेव्हा खाणारे आपण, वाढणारेही आपणच.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला व ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचा अंमल सुरू झाला. शेतकऱ्यास व त्याच्या शेतावरील मालास या कायद्यातून वगळले आहे, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. आणि तेवढ्यावर ते निश्चिंत होतात. परंतु त्याच शेतकऱ्याने शिजविलेले अन्न विकावयास आरंभ केला की ही सूट संपते. फेरीवाला व तात्पुरत्या दुकानाचा मालक यांनाही नोंदणी आवश्यक आहे. किंबहुना धार्मिक वा सामाजिक समारंभात अन्न वाटणाराही नियमांतील लहान अन्न-उत्पादकाच्या व्याख्येत येतो. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असाही नियम आहे. पुढे २०१७ साली केंद्रीय प्राधिकरणाने या लोकांसाठी शिक्षणवर्ग व प्रमाणपत्र यांची योजना सुरू केली. वर्ग चार तासांपासून बारा तासांपर्यंतचे असून, दर पंचवीस कामगारांमागे निदान एक शिकलेला पर्यवेक्षक असावा, असे तिचे धोरण आहे.

या वर्गांत जे शिकवितात ते फार गहन नाही. शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर कढत ठेवावे, नाही तर ५ अंशांच्या खाली थंड करावे. या दोहोंच्या मधल्या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात. पहाटे शिजविलेला भात घमेल्यात झाकून दुपारच्या पंगतीस वाढणे म्हणजे नेमका हाच मधला काळ त्यांना देणे होय. भातातील काही जंतूंची बीजे उकळूनही मरत नाहीत. हाताच्या जखमेतून अन्नात उतरणाऱ्या काही जंतूंचे विष तर अन्न पुन्हा तापविल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून ‘पुन्हा एक उकळी दिली की झाले’ ही आपल्याकडील समजूत पुरती खरी नाही. कच्चे मांस चिरलेल्या विळीवर कोशिंबीर चिरू नये, शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवावेत, पिण्याच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर प्रमाणात घालावी, जुलाब होत असलेल्याने स्वयंपाकास शिवू नये, एवढेच काय ते शास्त्र.

एवढे साधे असूनही त्याच्या अभावी काय घडते, हे दोन उदाहरणांवरून कळेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा येथे सप्ताहातील एकादशीच्या फराळाने शेकडो भाविकांस बाधा झाली, आणि रुग्णांना उघड्यावर, दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून उपचार द्यावे लागले.

दुसरे उदाहरण याहून दारुण आहे, आणि ते विशेषेकरून शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे भोजन घेऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे पिकांवर फवारावयाचे विष आढळले. कीटकनाशकाचे रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे १९७१ चे नियम सांगतात. पण असा डबा धुऊन त्यात पाणी किंवा तेल भरणारी घरे आपल्या परिचयाची नाहीत काय? त्या शाळेतील स्वयंपाकीणबाईंनी तेलाविषयी शंका बोलून दाखविली होती, परंतु ती मानली गेली नाही, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते.

या शेवटच्या गोष्टीपाशी सुज्ञ वाचकांनी क्षणभर थांबावे. बाईंना शंका आली होती. अभाव होता तो त्यांच्या शब्दाला वजन देणाऱ्या अधिकाराचा. आचाऱ्याच्या प्रमाणपत्राचा खरा उपयोग आम्हांस येथेच दिसतो. भिंतीवर चौकट टांगण्यासाठी ते नाही. ‘हे तेल मी कढईत ओतणार नाही, हा भात मी पानात वाढणार नाही’, असे मालकास, मुख्याध्यापकास वा यजमानास सांगण्याचा अधिकार ज्याच्यामुळे येतो, तो खरा दाखला.

आता आक्षेपांचा विचार करू. ‘आमचे वाडवडील असेच जेवले, त्यांना काय झाले?’ असे वडीलधारे विचारतात. त्यांना पुष्कळ झाले. पटकीने आणि हगवणीने गावेच्या गावे ओस पडल्याच्या कथा त्यांच्याच तोंडून आपण ऐकल्या आहेत. शिवाय पूर्वीचे अन्न चुलीवरून थेट पानात येई. आजच्यासारखे टेंपोतून दहा कोस जात नसे.

दुसरा आक्षेप असा की, दाखला म्हणजे आणखी एक हेलपाटा व आणखी एका हाताची ओंजळ भरणे. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य महसूल खात्यात दाखले लिहिण्यात गेले असल्याने या आक्षेपात तथ्य नाही, असे त्यास म्हणवत नाही. माणूस न पाहता दिलेला दाखला हा कोऱ्या कागदाहून वाईट, कारण तो खोटा विश्वास उत्पन्न करतो. परंतु सात-बारावर चुकीची नोंद होते म्हणून कोणी सात-बाराच नको म्हणत नाही. नोंद दुरुस्त करून घेतो. तोच न्याय येथे लावावा. परीक्षा कागदावरील खुणांची नसावी; हात कसे धुतो, उरलेले वरण कोठे ठेवतो, हे प्रत्यक्ष चुलीपाशी पाहावे. शिक्षण मराठीतून, सुगी आटोपल्यावर, तालुक्याच्या गावी व्हावे. ज्यास वाचता येत नाही त्याची परीक्षा तोंडी घ्यावी. उत्तम स्वयंपाक करणारी बाई केवळ निरक्षर म्हणून अपात्र ठरू नये.

तिसरा आक्षेप गरिबाचा आहे, व तो सर्वांत जड आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क येथे मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. तिला स्वतःला विषमज्वराचे लक्षण नव्हते, पण तिच्या हातच्या अन्नातून तो पसरे. १९०७ साली तिला पकडून अलग ठेवण्यात आले, आणि १९१० साली पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडले. धुण्याच्या कामात मिळकत थोडी. म्हणून नाव बदलून ती पुन्हा चुलीकडे वळली. १९१५ साली एका प्रसूतिगृहात २५ जणांना ज्वर आला, तेव्हा ती तेथे स्वयंपाक करीत असलेली सापडली. मग १९३८ साली मृत्यू येईपर्यंत तिला अलगच राहावे लागले. तात्पर्य काय? नुसत्या मनाईने पोट भरत नाही. ज्या आचाऱ्याचा आजारपणाचा रोज बुडतो, तो जुलाब लपवूनच कामावर येणार. त्यास शहाणपण शिकवावयाचे तर त्या दिवसाची मजुरी देण्याचे शहाणपण आधी मालकाने शिकले पाहिजे.

यास्तव आमची सभासद बंधुभगिनींना व आपल्या संस्थेच्या चालकांना नम्र सूचना आहे. प्रत्येक गावातून निदान दोन आचारी किंवा भगिनी निवडून त्यांस या वर्गास पाठवावे. फी व त्या दिवसाची मजुरी संस्थेने सोसावी. संस्थेच्या वार्षिक सभेचे भोजन अशा शिकलेल्या हातांकडेच द्यावे. सप्ताहाच्या व जत्रेच्या पंचांनी स्वयंपाकाची वेळ पंगतीच्या वेळेस जुळवावी, आणि उपवासाचे पीठ सुटे, जुने घेऊ नये. औषधाचा डबा घरात येऊ न देण्याची शपथ प्रत्येक खातेदाराने घ्यावी. त्यास कोणाच्याही दाखल्याची गरज नाही.

आपण अन्नास पूर्णब्रह्म म्हणतो. त्या ब्रह्माची पूजा ज्यांच्या हातून घडते, त्यांना शिकविण्यासाठी दिवसभराचा खर्च आपल्या संस्थेस जड वाटू नये. येत्या सभेत हा विषय चर्चेस घ्यावा, अशी विनंती करून लेख पुरा करतो.