हळदीचा रंग आणि वधूचा वर्ण

लग्नाची छायाचित्रे काढून झाल्यावर जो मनुष्य संगणकापुढे बसून त्यांचे रंग दुरुस्त करतो, त्याला प्रकाशाचा दोष काढून टाकण्याचा पूर्ण अखत्यार आहे. परंतु वधूचा जन्मसिद्ध वर्ण हाही एक दोषच आहे असे गृहीत धरून तो उजळण्याचा अखत्यार त्याला कोणीही दिलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

साध्या पिवळ्या दिव्याचा प्रकाश सुमारे ३,००० केल्विनचा, तर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५०० केल्विनचा असतो. आपली दृष्टी हा भेद नकळत सावरून घेते. कॅमेऱ्याला मात्र तो सांगावा लागतो, आणि त्यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. हे काम यंत्राच्या स्वयंचलित तजविजीवर सोपवले, तर हळदीच्या विधीतच तिची फजिती होते. कारण पिवळी साडी, झेंडूच्या माळा आणि हळदीने माखलेले हात यांनी सारी चौकट भरून गेली की प्रकाशच पिवळा आहे अशी समजूत करून घेऊन यंत्र त्यावर निळ्याचा उतारा घालते, आणि हळद फिकी पडून चेहरे राखेसारखे निस्तेज होतात. अंतरपाटाच्या किंवा उपरण्याच्या शुभ्रतेवर विसंबणेही धोक्याचे, कारण कापडाला दिलेल्या निळीमुळे ती शुभ्रता निळसर असते आणि तिला प्रमाण मानले की सबंध चित्र पिवळटते. म्हणून मंडपातील प्रकाश बदलेल तेव्हा तेव्हा करड्या रंगाचे प्रमाणित कार्ड वधूच्या चेहऱ्याजवळ धरून एक चित्र घ्यावे, ते रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात ठेवावे आणि संपादनात त्या करड्यालाच साक्षीदार मानावे.

एवढे केल्यावर त्वचेला वेगळा हात लावण्याचे कारण क्वचितच उरते. मेलॅनिन आणि रक्त या दोहोंनी मानवी त्वचेचा रंग घडत असल्यामुळे गोऱ्या व सावळ्या चेहऱ्यांतील मूळ छटा परस्परांच्या बऱ्याच जवळ असते; मोठा फरक असतो तो उजळपणाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. नेमका हाच फरक नारिंगी रंगाची उजळी वाढवून पुसला जातो, आणि त्यासरशी हातांवरची मेंदी व अंगावरचे सोनेही फिके पडते.

गोऱ्या वर्णालाच प्रमाण मानण्याची ही खोड जुनी आहे. कोडॅक कंपनीने विसाव्या शतकाच्या मध्यास रंगीत छपाईसाठी ‘शर्ली’ नावाने ओळखली जाणारी जी प्रमाणचित्रे प्रयोगशाळांना पुरवली, त्यांवर गोरी स्त्रीच असे, आणि सावळ्या व काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्या छपाईत हरवून जात. आजच्या कॅमेऱ्यांपुढे मात्र तंत्राच्या मर्यादेची ती सबब टिकत नाही.

वर्ण उजळण्याचा घरच्या मंडळींचाच आग्रह असतो, असे छायाचित्रकार सांगतात, आणि ते पुष्कळदा खरेही असते. तरीपण लग्नाचा अल्बम हा कुटुंबाचा दस्तऐवज आहे, आणि त्या आग्रहात वधूला विचारलेले असतेच असे नाही. यास्तव काम ठरवतानाच त्वचेचा वर्ण बदलला जाणार नाही असे करारात लिहून द्यावे, आणि तो बदलावयाचाच झाल्यास संमती फक्त तिची घ्यावी.