आकड्यांच्या आडून

मुंबईत गुन्हे वाढले की त्याचे खापर उपऱ्यांवर फोडण्याची रीत जुनी आहे. आज बांगलादेशीयांचे नाव घेतले जाते. १९६० च्या दशकात माटुंग्याच्या दाक्षिणात्यांचे घेतले जात होते. पुढे वरदराजन मुदलियारच्या रूपाने त्या आरोपाला आयताच पुरावा मिळाला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने चोरट्या दारूत आणलेला नफा आणि हप्त्यांचा आश्रय यांवर त्याचे साम्राज्य उभे होते, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे दृष्टिआड झाली.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पोलिसांनी नोंदवून घेतलेले गुन्हे तेवढे मोजतात. जे ठाणे प्रामाणिकपणे फिर्याद लिहून घेते तेच बदनाम ठरते! शिवाय बेकायदा वास्तव्य हा स्वतःच गुन्हा असल्यामुळे धरपकड वाढविली की परकीयांची ‘गुन्हेगारी’ कागदावर आपोआप वाढते.

शस्त्रांचेही तसेच. १९५९ चा शस्त्र कायदा २०१९ मध्ये आणखी कडक झाला; परवानाधारकाच्या तीन बंदुकांच्या दोन झाल्या. परंतु १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर उतरलेल्या एके-५६ रायफलींना परवाना कोण विचारणार होते? त्या खटल्यात कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. ते काही घुसखोर नव्हते.

२०२५ साली पश्चिम बंगालमधून पोटासाठी मुंबई परिसरात आलेल्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलण्यात आले आणि मागाहून भारतीय म्हणून परत आणावे लागले. सीमा राखणे हे शासनाचे कर्तव्य आहेच. परंतु पकडलेल्या माणसाला वकील मिळाला पाहिजे, आणि त्याच्या गावाकडून खातरजमा होऊन न्यायालयाचा निर्णय लागेपर्यंत त्याला मुंबईबाहेर हलविता कामा नये.