जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधे एक सायलेन्सर

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला वसमत रोडनं एक बुलेट फटाके फोडत गेली. शेजारचं सहा महिन्यांचं लेकरू दचकून उठलं, मग कुत्री उठली, मग सगळी गल्ली. बुलेट तोवर काळ्या कमानीच्या पलीकडं गेली असेल, पण आमच्या गल्लीत पुढची पंधरा मिनिटं बैठक चालू होती. विषय एकच. पोलीस करतात काय?

पोलीस काय करतात ते मला चांगलं माहीत आहे, कारण त्याच्या बातम्या आम्हीच लिहितो. मोहीम निघते. चौकात बुलेटी अडवतात, इंदोरी सायलेन्सर काढून घेतात आणि एका सकाळी ते रस्त्यावर ओळीनं मांडून वरून रोडरोलर फिरवतात. पुणं घ्या, नागपूर घ्या, फोटो सारखाच. फोटो येतोही झकास. 'कर्णकर्कश सायलेन्सरवर फिरला रोलर' असलं शीर्षक मीसुद्धा दिलंय, आणि चहा पिऊन पुढच्या बातमीला लागलोय. रोलर गेला की महिन्याभरात नवा सायलेन्सर बसतो. विकणारा तिथंच, बसवणारा तिथंच.

पण आज मला सायलेन्सरवर लिहायचं नाही. सायलेन्सर सापडतो, कारण तो ओरडतो. गाडीतले जे बदल ओरडत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न आहे.

परवा स्टेशन रोडला चहाच्या टपरीसमोर एक गाडी उभी होती. साधी दीडशे सीसीची. सवय म्हणून नीट बघत बसलो. दोन्ही आरसे काढलेले. मागचं मडगार्ड कापून टाकलेलं आणि नंबरप्लेट सीटच्या खाली अशी वाकवून बसवलेली की वाचायची तर गुडघ्यावर बसावं लागेल. मागच्या लाइटवर काळी फिल्म, म्हणजे भर उन्हात ब्रेक दाबला तर मागच्याला कळणार नाही. पुढं ऑनलाइन मागवलेला पांढरा एलईडी, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारा. आणि साडीगार्ड नाही. गाडीवाला पोरगा आला, वीस-एकवीसचा. आरसे का काढले, विचारलं. म्हणाला, "लूक जातो ना काका." सगळे मिळून आठ हजार घातलेत, हे अभिमानानं सांगितलं. ब्रेक शू कधी बदलले, असं विचारल्यावर मात्र आठवेना. (मला काका म्हणाला, ते सोडून देऊ.)

या गाडीला आवाज नव्हता. त्यामुळं तिला कुणी अडवलं नव्हतं, आणि अडवायचं कारणही नव्हतं.

साडीगार्डाबद्दल जरा थांबून बोलू. आपल्याकडं बाई गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसते, मांडीवर लेकरू असतं, पदर वाऱ्यावर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम नेमका याच बाईसाठी आहे. मागं बसणाऱ्याला धरायला हँडल हवं, पाय ठेवायला फुटरेस्ट हवा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं निम्मं चाक झाकलेलं हवं. कंपनी हे सगळं देते. गाडी नवी असतानाच पोरं ते पान्यानं खोलून घराच्या माळ्यावर टाकतात. मग वर्ष-दोन वर्षांनी त्याच गाडीवर आई बसते, बहीण बसते, लग्न झाल्यावर बायको बसते.

'साडीचा पदर चाकात अडकून महिलेचा मृत्यू.' एक कॉलम, चार ओळी. पंधरा-सोळा वर्षांच्या पत्रकारितेत अशा किती बातम्या लिहिल्या, मोजल्या नाहीत. त्या गाडीला साडीगार्ड होतं का, हे मी एकदाही विचारलं नाही. बातमीत आम्ही पदराला दोष दिला.

आता प्रश्न असा, की ही गाडी तपासतं कोण? ट्रक, रिक्षा, काळीपिवळी यांना ठरलेल्या मुदतीनं फिटनेस घ्यावंच लागतं. आपण त्याला पासिंग म्हणतो. खासगी मोटारसायकलला हे काही नाही. तिची नोंदणी १५ वर्षांची. शोरूममधून नंबर घेऊन निघालेली गाडी परत निरीक्षकासमोर उभी राहते ती नोंदणीच्या नूतनीकरणाला, म्हणजे १५ वर्षांनी. २०२६ मध्ये दहावीच्या पोरानं हट्ट करून घ्यायला लावलेली गाडी कायद्यानं पहिल्यांदा तपासली जाईल तेव्हा तो पोरगा तिशीत असेल. मधल्या काळात ती कापा, जोडा, रंगवा, उंच करा, कुणी बघायला येत नाही.

नाही म्हणायला एक तपासणी आहे, पीयूसी. नव्या बीएस-६ गाडीला वर्षातून एकदा. त्यात काय होतं? सायलेन्सरात नळी घालतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. गंमत बघा, ज्या सायलेन्सरवर उद्या रोलर फिरणार, त्याच्याच तोंडात आज नळी घालून गाडीला 'योग्य' म्हणून कागद मिळतो. आवाज मोजणं त्या माणसाचं काम नाही. समोरचा आरसा नाही, हे त्याला दिसतं, पण लिहायला रकानाच नाही.

कायदा कमी पडतो असं मात्र म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड. आवाज आणि सुरक्षेचे निकष मोडून गाडी चालवली तर कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, लायसन्सही तीन महिने जातं. आवाजाची मर्यादा तर सीसीप्रमाणं ठरलेली आहे. ८० ते १७५ सीसीच्या गाडीला ७७ डेसिबल, त्यावरच्या गाडीला ८०. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दसपट होते, हे लक्षात घ्या. पण रस्त्यावर हे सगळं मोजलं जातं ते बहुतेक वेळा साहेबांच्या कानानं.

म्हणजे पुस्तकात कैद आहे, पण पुस्तक आणि गाडी यांची भेटच होत नाही.

आपण लहानपणापासून म्हणत आलोय, 'जगात जर्मनी, भारतात परभणी.' ही म्हण कुठून आली यावर वाद घालायला आपण रात्रभर बसू, ते राहू द्या. त्या जर्मनीत मोटारसायकल दर दोन वर्षांनी तपासून घ्यावी लागते आणि पुढची तारीख सांगणारा गोल स्टिकर नंबरप्लेटवरच असतो. तिथं पोरांना गाडी सजवायची हौस नाही असं समजू नका, आपल्यापेक्षा जास्त आहे. पण बाजारात मिळणाऱ्या सायलेन्सरवर, हँडलवर मान्यतेचा क्रमांक छापलेला असतो. तसा नसलेला भाग बसवायचा असेल तर गाडी तज्ज्ञाकडं न्यायची, त्यानं बघायची, चालवायची, पटलं तर गाडीच्या कागदावर नोंद करून द्यायची. नोंद नसेल तर गाडी रस्त्यावर आणण्याची परवानगीच जाऊ शकते. तिथं बदल करायला बंदी नाही, तो दाखवून पास करून घ्यायचा असतो.

आपल्याकडं दाखवायला जागाच नाही. आणि याचा फटका हौशी पोरांना बसत नाही, तो भलत्यालाच बसतो.

आमच्या घरी दूध घालणारे मामा रोज पहाटे गावाकडून अठरा किलोमीटर येतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंग केलेली लोखंडी चौकट, तीत दोन-दोन कॅन. चौकट गावातल्या वेल्डरनं अंदाजानं केलेली. कॅन भरलेले असताना गाडी वळताना कशी झोल खाते ते ज्यानं मागून बघितलं त्यालाच माहीत. नियमात २०२० मध्ये दुचाकीच्या मागच्या डब्याचं माप दिलंय, ५५ सेंटिमीटर लांब, ५१ रुंद, ५० उंच. मामांची चौकट या मापात कुठंच बसत नाही. मी त्यांना हे सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मग कुठं नेऊन दाखवायची, सांगा की. कुणी नीट करून, पास करून देत असंल तर उद्याच नेतो." मला उत्तर आलं नाही. पुण्यात एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे. देशातल्या गाड्या पास करणाऱ्या मोठ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत. पण त्या कंपन्यांच्या मॉडेलसाठी. चार कॅनच्या चौकटीसाठी परभणीहून तिथं कोण जाईल?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवतात ना? भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली, डिसेंबर २०२१ मध्ये व्हिडिओ देशभर गाजला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आणि ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, असंही लिहिलं. शेवटी जीपच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली. गोष्ट गोड झाली. पण ती जीप तपासून, काय कमी आहे ते सांगून, दुरुस्त करून घेणारी खिडकी आपल्या व्यवस्थेत नव्हती, आणि प्रत्येक लोहाराला बोलेरो मिळत नसते.

अशी खिडकी बनू शकते, याचा पुरावा आपल्याच कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायला कलम ५२ मध्येच वाट ठेवलेली आहे. मानवतकडचे माझे एक परिचित आहेत, लहानपणी पोलिओ झालेले. त्यांच्या स्कूटरला मागं दोन जादा चाकं आहेत. रीतसर अर्ज केला, गॅरेजचं बिल जोडलं, गाडी निरीक्षकाला दाखवली, आरसीवर नोंद झाली. सगळ्या जिल्ह्यात गाडीतला बदल कागदावर असलेला माणूस मला एवढाच माहीत आहे. ज्याला गरज होती त्यानं सगळे कागद केले. लूकवाल्यांनी एकही नाही.

आता तुम्ही खाली कमेंटमध्ये लिहिणार आहात ते मीच लिहितो. "साहेब, अजून एक सर्टिफिकेट म्हणजे अजून एक एजंट." मान्य. एकशे एक टक्के मान्य. गाडी न नेता पीयूसी मिळते हे ऐकलं नाही असा माणूस आपल्याकडं सापडणार नाही. म्हणून मी सरसकट नवं सर्टिफिकेट मागत नाही.

पण एक बघा. २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. मुदत वाढत वाढत गेली, शिव्या पडल्या, तरी वेळ घेऊन माणसं गाड्या घेऊन केंद्रावर उभी राहिलीच. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं तर राज्यातली जुनी मोटारसायकल एकेक करून एका माणसासमोर उभी करता येते. तो माणूस गाडीच्या मागं वाकून प्लेट बसवत होता. त्याच्या नाकासमोर ब्रेकलाइट होता. तो लागतो का, एवढं बघायला किती वेळ लागला असता?

वर्षातून एकदा पीयूसीला गाडी जातेच. तिथं पाच गोष्टी बघा आणि फोटोसकट लिहा. ब्रेकलाइट, आरसे, नंबरप्लेट, साडीगार्ड, सायलेन्सर मूळ आहे का. पहिल्या वेळी दंड नको, पंधरा दिवसांची मुदत द्या. आणि महिन्यातून एक दिवस तालुक्याला निरीक्षक येतात, लायसन्सचा कॅम्प असतो, त्याच दिवशी दूधवाल्याची चौकट, भाजीवाल्याचं कॅरेट, दिव्यांगाची जादा चाकं बघून घ्या. चौकटीची दोन-तीन मापं ठरवून गावातल्या वेल्डरला कागदावर काढून द्या. आमचा वेल्डर हुशार आहे, त्याला फक्त आजवर कुणी माप दिलेलं नाही.

राहिला विकणारा. काही सायलेन्सरच्या खोक्यावर बारीक अक्षरात 'फक्त रेसिंगसाठी' असं छापलेलं असतं. जिल्ह्यात रेसिंगचा ट्रॅक नेमका कुठं आहे, हे एकदा दुकानदाराला विचारायला हवं. रोलर पोराच्या सायलेन्सरवर फिरतो, दुकानाच्या शटरसमोर तो थांबलेला मी अजून पाहिलेला नाही.

२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. हा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. जीवघेणा अपघात झाला की मोटार वाहन निरीक्षक येतात, ती गाडी तपासतात, ब्रेक कसे होते, लाइट कसे होते ते लिहून देतात. म्हणजे तपासणी करणारा माणूस आहे, त्याचा फॉर्मही आहे. फक्त तो मेल्यानंतर भरला जातो.

सरकार करील तेव्हा करील. माझ्यापुरतं मी एक ठरवलंय. यापुढं दुचाकीच्या अपघाताची बातमी आली की ठाण्यात फोन करून नाव, गाव, वय याच्या पुढं तीन प्रश्न विचारणार. ब्रेकलाइट लागत होता का, आरसे होते का, साडीगार्ड होतं का. उत्तर मिळालं तर छापणार, नाही मिळालं तर नाही मिळालं असंच छापणार. तालुक्याच्या वार्ताहर मित्रांनो, तुम्हीही विचारा. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा, पालम, सगळीकडून. सहा महिन्यांनी आपण ती कात्रणं एकत्र मांडू.