यादी फेका, वाक्य वाचा!

आमच्या वस्त्यांतल्या मुलांना इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकायला लावतात. ही पोपटपंची आम्हाला मान्य नाही. यादीत 'डिप्रेस्ड' म्हणजे खिन्न. मग १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब काय खिन्न लोकांचे प्रतिनिधी होते? तिथे 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणजे दडपलेले वर्ग! 'शेड्यूल' म्हणजे वेळापत्रक; संविधानात मात्र अनुसूची. 'आर्टिकल' म्हणजे लेख; पण अस्पृश्यता नष्ट करणारे आर्टिकल १७ म्हणजे अनुच्छेद. शब्दाचा अर्थ वाक्यात कळतो. म्हणून आम्ही सांगतो, मुलांच्या हाती संविधानाची इंग्रजी प्रत द्या. आधी मागच्यापुढच्या वाक्यांवरून अर्थ ताडायचा, मग शब्दकोश उघडायचा. आपल्या हक्काचे वाक्य आपल्याला वाचता आले नाही, तर दुसरा कोणीतरी ते त्याच्या सोयीने वाचून दाखवतो. जय भीम!