पाडव्याची वही आणि शेजारचे दुकान

आज दिवाळीचा पाडवा. अभ्यंगाची ओल केसांत असतानाच पेठांमधली दुकाने उघडतात, नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला जातो आणि झेंडूच्या तोरणाखाली कीर्द-खतावणीचे नवे वर्ष सुरू होते. हिशेब संगणकात गेले तरी वही पूजल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही, आणि पडूही नये. कारण या सकाळी आपण नफ्या-तोट्यापलीकडे पाहतो. कोणाच्या भरवशावर वर्ष निभावले, कोणाचे देणे राहिले, हे आठवतो. त्या आठवणीत शेजारच्या दुकानाला जागा असायला हवी.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पाहा. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी इथे एकमेकांना लागून घरे थाटली. एकाच कसबाची माणसे शेजारी बसली म्हणून धंदा बुडाला नाही; उलट बंब हवा, हंडा हवा, तर गिऱ्हाइकाची पावले आपसूक त्या आळीकडे वळली. आपल्याकडे नसलेल्या मालासाठी पलीकडे बोट दाखवण्याची रीत तर आपल्या सगळ्याच पेठांनी जपली.

मोबाइलवरच्या बाजारात ही आळीच हरवली. तिथे प्रत्येक छोटा व्यावसायिक एकटा; शटर ओढून झाल्यावर दमल्या हातांनी फोटो टाकायचा आणि तो पाहायचा ओळखीपाळखीच्या मंडळींनीच. जाहिरातीवर बड्या कंपन्यांइतका पैसा ओतणे त्याला कधीच झेपणार नाही.

पण आळी पुन्हा वसवता येते. इन्स्टाग्रामवर एकच पोस्ट दोघांच्या नावाने टाकण्याची सोय 2021पासून आहे. ती दोन्हीकडच्या फॉलोअर्सना दिसते. हातोडीच्या एकेका ठोक्याने तांब्यावर उमटत जाणारे मठारकाम, त्या घंगाळाशेजारी वाटीत भिजवलेले घरगुती उटणे, कुंभाराची पणती: अर्ध्या मिनिटाचे रील, पण त्यात तीन घरांची दिवाळी. उटण्यासाठी थांबलेली नजर घंगाळावर ठरते, आणि छायाचित्रणाचा खर्च तिघांत वाटला की जड होत नाही.

मात्र हा शेजार कर्तव्यासकट येतो. चौकशीला उत्तर कोणी द्यायचे, पार्सलमध्ये पणती फुटली तर भरपाई कोणी करायची, हे आधीच वहीत लिहिलेले बरे. आणि करणाऱ्याचे नाव कधीही गाळू नये. 2025च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोत कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या, पण कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. समाजमाध्यमांवर असंख्य लोकांनी एकत्र आवाज उठवला, तेव्हा त्या कंपनीला मूळ कोणाचे ते मान्य करावे लागले. या चपलेला 2019मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही कोणा एका कारागिराचे नाही; महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचे ते सामाईक धन आहे.

तुळशीची लग्ने लागली की लग्नसराई सुरू होईल. कापडवाला, हलवाई, मांडववाला, फुलारी सगळे एकाच मुहूर्तासाठी धावतील आणि एकाच घरी जातील. त्याआधीच्या या दहा-बारा दिवसांत शेजारच्या दुकानाची पायरी चढा आणि पहिली पोस्ट दोघांच्या नावाने टाका.