आनाबाईंची खुर्ची

मैत्रिणींनो, नॉर्वेची राजधानी ओस्लो पाहायला गेलेले सगळे संसदेच्या पिवळ्या विटांच्या इमारतीसमोर फोटो काढतात. १८६६ची ही वास्तू उभी राहिली तेव्हा आत बाईसाठी जागाच नव्हती. १९०७मध्ये स्त्रियांना संसदेसाठी मत मिळाले, तेही मिळकतीच्या अटीवर; त्यात नवऱ्याची मिळकतसुद्धा चालत असे! सरसकट मताधिकार १९१३चा. त्याआधी, १९११मध्ये, शिक्षिका आना रोगस्टाड सभागृहात बसल्या, पण बदली सदस्य म्हणून. (गिरणीतल्या 'बदली'चा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.) पूर्ण सदस्य म्हणून पहिली स्त्री, कारेन प्लाटू, निवडून यायला १९२१ उजाडले. आणि १९८६मध्ये पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या मंत्रिमंडळात १८पैकी ८ स्त्रिया होत्या. तिथे गेलात तर इमारत दाखवणाऱ्याला आधी विचारा, आनाबाई कुठे बसत होत्या?