बाहेर म्हणजे नक्की कुठे?

जानेवारीत आमच्या टीममधले सात-आठ जण मळ्यावर हुरडा खायला आले होते. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या पट्ट्यात आमची शेती आहे. रात्री शेकोटी, हुरडा, लसणाची चटणी, गूळ, आणि सगळ्यांच्या मधे आमचा काळ्या. पाच वर्षांचा, अस्सल गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. दिवसभरात त्याने प्रत्येकाकडून काही ना काही वसूल केलं होतं. निघायच्या वेळी एका सहकारी मैत्रिणीने आईला सहज विचारलं, "काकू, हा रात्री झोपतो कुठे?"

"बाहेर की," आई म्हणाली.

"एवढ्या थंडीत? घरात नाही घेत?"

आईला प्रश्नच कळला नाही. "घरात कशाला? त्याला काय झालंय?"

गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "राग मानू नकोस, पण ह्याला निग्लेक्ट म्हणतात." मी काहीच बोललो नाही. शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो, तेव्हाही नाही. मला चांगली उत्तरं नेहमी तीन-चार महिन्यांनी सुचतात, तशी ती आता मे महिन्यात सुचली आहेत. आज शनिवार आहे, सोमवारपर्यंत काही डिप्लॉयमेंट नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

(आधीच सांगतो: हा लेख भटक्या कुत्र्यांवर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल आदेश दिले तेव्हापासून त्या विषयावर आमच्या घरात दोनदा भांडण झालंय. तिसऱ्याची माझ्यात ताकद नाही.)

तर मुद्दा असा. "बाहेर" हा शब्द आई वापरते आणि माझी मैत्रीणही वापरते, पण तो एकच शब्द नाही. फ्लॅटमध्ये एक दार असतं. त्याच्या ह्या बाजूला घर, त्या बाजूला लिफ्ट. मधे काही नाही, चपलांचा स्टँड सोडला तर. त्यामुळे कुत्रं एकतर आत असतं, नाहीतर जगातून हाकललेलं असतं. आमच्याकडे माजघर आहे, मग ओटी, मग पडवी, मग अंगण, बाजूला गोठा, त्याच्या पुढे विहीर आणि बांध. घराची हद्द कुठे संपते हे आईला विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. उन्हाळ्यात वडील स्वतः अंगणात बाज टाकून झोपतात. त्यांना कोणी निग्लेक्ट केलंय असं अजून कोणी म्हटलेलं नाही! काळ्या झोपतो पडवीत, दाराला पाठ लावून, पोत्यावर. दारातून आत गेलं की दहा पावलांवर आई. सकाळी पाचला ती उठते तेव्हा पहिला भेटणारा प्राणी तोच. दिवसभर कोणी ना कोणी मळ्यात असतंच, हा त्यांच्या मागे. ऊन चढलं की आंब्याखाली, तिथे पाणी शिंपडलं तर हौदाच्या कडेला ओल्या मातीत. हे सगळं तो स्वतः ठरवतो. आणि शेवटची भाकरी त्याच्या नावाची असते, ती आईने आजवर चुकवलेली नाही.

दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. चारही बाहेर, झाडाखाली. एकाच्याही गळ्यात साखळी नाही, आणि एकही एकटं नाही. :-)

आता मैत्रिणीच्या कुत्र्याबद्दल. गोल्डन रिट्रीव्हर, फार गोड प्राणी. एसी आहे, ऑर्थोपेडिक गादी आहे, खाणं ग्रॅममध्ये मोजून. आठवड्यातले तीन दिवस आम्हाला ऑफिस सक्तीचं आहे. नऊला ती निघते, साडेसातला पोचते. नवराही तसाच. घरात कॅमेरा लावलाय, जेवणाच्या सुट्टीत ती फोन काढून आम्हाला दाखवते, "बघ, कसा शांत झोपलाय!" साडेदहा तास. तो झोपलाय की दाराकडे बघत पडलाय, हे त्या कॅमेऱ्यात कळत नाही. मी हे तिला कधीच बोललो नाही, कारण ती खरंच त्याच्यावर जीव टाकते आणि घरी आली की तासभर त्याला फिरवते. पण मग माझा प्रश्न असा की "आत" ह्या एका शब्दावर त्या साडेदहा तासांना माफी का? आणि "बाहेर" ह्या एका शब्दावर काळ्याच्या चोवीस तासांना शिक्षा का? व्हेरिएबलच चुकीचा धरलाय. कुत्रा छताखाली आहे का हे मोजणं सोपं आहे म्हणून आपण ते मोजतो. त्याच्या दिवसात काय आहे हे मोजायला बसावं लागतं.

कायदा काय म्हणतो म्हणून मी शोधलं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरता कशाकशाला म्हणायचं ती यादी आहे. गंमत म्हणजे त्यात "घराबाहेर ठेवणे" असं काही नाही. आहे ते हे: जनावराला नको इतक्या आखूड किंवा जड साखळीने नको तितका वेळ बांधून ठेवणं. त्याला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं. आणि एक कलम तर कुत्र्याचं नाव घेऊन आहे: जो कुत्रा कायम बांधलेला किंवा कोंडून ठेवलेला असतो त्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही, तर तीही क्रूरताच. बांधलेला *किंवा कोंडलेला*. पासष्ट वर्षांपूर्वी, वाकड-हिंजवडीत शेतं होती तेव्हा, कोणीतरी बसून हे दोन शब्द शेजारी-शेजारी लिहिले. दंड मात्र बघू नका. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. एक वडापाव आणि एक चहा.

"आपलं सोड, तिकडे बघ," असं म्हणणारे ऑनसाइटवाले मित्र असतातच, तर तिकडेही बघितलं. जर्मनीत कुत्री कशी पाळावीत ह्याचा २००१ पासून वेगळा नियम आहे. त्यात कुत्रा बाहेर ठेवायला परवानगी आहे, पण थंडी-पावसापासून वाचवणारं खुराडं हवं आणि त्याच्या बाहेर सावलीची, खालून गार न लागणारी जागा हवी. खोलीत ठेवला तर तिथे दिवसाचा उजेड यायला हवा, आणि आत-बाहेर कुठेही ठेवला तरी मोकळं फिरणं आणि माणसांचा सहवास मिळायलाच हवा. साखळीने बांधून ठेवणं मात्र २०२३ पासून बंद, अगदी थोडे अपवाद सोडले तर. म्हणजे ज्यांच्याकडे उणे दहात बर्फ पडतं त्यांनी बाहेरला बंदी नाही घातली, साखळीला घातली.

साखळीबद्दल मला थोडं बोलायचंय.

काळ्याच्या आधी आमच्याकडे मोत्या होता. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मोत्या दुधवाल्याच्या मोटरसायकलमागे धावायचा, एकदा तो माणूस पडला, गुडघा फुटला. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा शहाणपणा करून शिरूरच्या बाजारातून साखळी आणली आणि गोठ्याजवळच्या लोखंडी खुंटीला त्याला बांधायला सुरुवात केली. वडील म्हणाले, "रातच्याला सोड त्याला." मी म्हटलं, सवय लागायला हवी. दोन-तीन रात्री तो रडला, मग गप्प झाला, आणि मला वाटलं सवय लागली. मी पुण्याला परत आलो. आठ-दहा दिवसांनी फोन आला, बिबट्याने नेला. पट्टा तुटला होता. साखळी खुंटीलाच होती.

आमच्या भागात ही काही नवलाची गोष्ट नाही. उसात बिबट्या राहतो, तिथेच त्याची पिल्लं होतात, आणि कुत्रं हे त्याचं ठरलेलं खाणं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला होता, त्यात वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्यांपेक्षाही जास्त. तेव्हा मोकळा असता तर मोत्या वाचलाच असता असं मी म्हणू शकत नाही. वडीलही तेव्हा तसंच म्हणाले, बहुतेक माझ्यासाठी म्हणाले. पण मोकळं कुत्रं वास आला की दाराशी येऊन ओरडतं, गोठ्यात घुसतं, ट्रॅक्टरखाली शिरतं. त्याला काहीतरी करता येतं. मोत्याला मी पाच फूट दिले होते.

त्यानंतर वडिलांनी पडवीला जाळी आणि लोखंडी दार बसवून घेतलं. रात्री नऊच्या पुढे काळ्या त्या जाळीच्या आत. आई त्याला अजूनही "बाहेर"च म्हणते.

म्हणून कोणी हा लेख वाचून "गावाकडचंच बरं" अशा टाळ्या वाजवणार असेल तर थांबा. बिबट्याच्या भागात कुत्रं रात्री उघड्यावर ठेवणं हे निग्लेक्टच आहे, मग ते कितीही मोकळं असो. दोन महिन्यांचं पिल्लू, म्हातारं किंवा आजारी कुत्रं डिसेंबरात अंगणात ठेवणं, हेही. आणि नगर रोडने कधीही जा, गोडाऊनबाहेर, बांधकामाच्या साइटवर, प्लॉटिंगवाल्यांच्या फार्महाउसच्या गेटवर एक कुत्रं बांधलेलं दिसेल. मालक पुण्यात. वॉचमन येईल तेव्हा भात टाकेल. पाण्याचा डबा लवंडलेला. साखळीच्या टोकाला फिरून फिरून मातीत गोल चाकोरी पडलेली असते, गवत उगवत नाही तिथे. त्या कुत्र्याच्या डोक्यावर पत्रा आहे म्हणजे त्याला "निवारा" आहे. कागदोपत्री सगळं नीट. हीच मंडळी नंतर म्हणतात, फार चावरा आहे हो, लोक घाबरतात. घाबरणार नाहीत तर काय!

आणि आमचंही सांगायला हवं. त्या जानेवारीच्या रात्री मैत्रिणीने आईला अजून एक प्रश्न विचारला होता, जो मी वर सोयीस्करपणे गाळला. "रेबीजचं इंजेक्शन कधी दिलं होतं?" आईने वडिलांकडे बघितलं, वडिलांनी माझ्याकडे. मी एक घरात आणून टोचून घेतलं होतं, तो पिल्लू होता तेव्हा. पाच वर्षं झाली. काळ्या रोज मुंगसाशी, कोल्ह्याशी, नदीकाठच्या कुत्र्यांशी भांडतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कुत्रा काय आणि माणूस काय, जवळपास कोणीच वाचत नाही. आईचा हात रोज त्याच्या तोंडाशी असतो. शिवाय गोचीड. उन्हाळ्यात त्याच्या कानात मुठीने गोचीड निघतात, त्यातून ताप येतो, रक्त कमी होतं, कुत्रं आठवड्यात झिजतं, आणि गावात म्हणतात "दृष्ट लागली". इथे ती बरोबर होती आणि आम्ही चूक. ह्यात कुत्रा कुठे झोपतो ह्याचा काही संबंध नव्हता. आमच्या माजघरात गादीवर झोपला असता तरी आम्ही हेच केलं असतं. फेब्रुवारीत मी आणि वडील त्याला घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. वहीत तारीख लिहून ठेवलीय, फोनवर रिमाइंडर लावलाय. काळ्या दोन दिवस माझ्याकडे पाठ करून बसला होता.

आता हे सगळं आजच का लिहितोय, तर समोरच्या टॉवरमुळे. सातव्या मजल्यावर, माझ्या खिडकीच्या अगदी समोर, एक सायबेरियन हस्की आहे. उत्तरेकडच्या बर्फात स्लेज ओढायला चुकची लोकांनी वाढवलेल्या कुत्र्यांचा वंश, अंगावर केसांचे दोन थर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना येतो थोडासा, बाकी जीभ काढून धापा टाकणं एवढीच त्याची कूलिंग सिस्टिम. पश्चिमेची बाल्कनी, खाली टाइल, वर काच, जाळी लावलेली. दुपारी दोननंतर तिथे सावली शिल्लक राहत नाही. मालक बहुधा म्हणत असणार की कुत्रा घरात ठेवलाय. पत्ता विचारला तर घरातच आहे तो.

काल संध्याकाळी मी गेलो. बेल वाजवली. गृहस्थ सभ्य होते, पाणी विचारलं. म्हणाले, "आत घेतला तर सोफा फाडतो हो. सकाळी नेतो की खाली दहा मिनिटं." मी म्हटलं, मी रोज सहाला पळायला जातो, मी नेऊ का त्याला? फुकट, काही नको. आणि दुपारचं तेवढं आत घ्या, बाथरूममध्ये चालेल, गार फरशी असते. त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. मग म्हणाले, मिसेसना विचारून फोन करतो.

नंबर देऊन आलोय. आत्ता दुपारचे साडेतीन वाजलेत. फोन आलेला नाही. मी पडदा सरकवून बघितलं, तो काचेच्या दाराला चिकटून उभा आहे, आतल्या बाजूला तोंड करून.